हत्तीनं तोंड झाकलं

एका राजाकडे पांढरा हत्ती होता. आणि बरं का, त्या हत्तीला खोटं बोलणं सोसत नसे. आता राजवाड्यात राहून असं कसं चालायचं? चार दिवसांत हत्तीनं खाणं टाकलं.

मग राजानं दवंडी पिटवली. हत्तीसाठी माणूस पाहिजे. अटी तीन. आजारी जनावर बरं केलेलं असावं. रुसलेल्याला जेवू घातलेलं असावं. पुरातून जनावर पार नेलेलं असावं. घरच्यांसकट दोन वेळचं जेवण मिळेल.

विसोबाच्या घरी महिनाभर नुसती आंबील चालली होती. त्यानं कोळसा घेतला. भिंतीवर डावीकडे राजाच्या अटी लिहिल्या, उजवीकडे आपला अनुभव. आजारी जनावर? आपली म्हैस बरी झालीच होती. रुसलेलं माणूस? आई रुसली होती, मग जेवली. पूर? म्हैस पार झाली होती. सगळं कसं जुळलं!

बायकोनं, भागूनं, भिंत वाचली. "अहो, पण यात तुम्ही कुठे आहात?"

"म्हैस माझी, आई माझी. मग अनुभव कुणाचा?" विसोबा म्हणाला आणि निघाला.

दरबारात रीत अशी, की हातात उसाचं कांडं धरायचं आणि हत्तीला आपला अनुभव सांगायचा. खरा असला तर हत्ती कांडं घेई.

विसोबा म्हणाला, "मी म्हैस बरी केली." हत्तीनं एक डोळा मिटला.

"मी आईची समजूत काढली." दुसरा मिटला.

"मी पुरातून म्हैस नेली." मग हत्तीनं काय करावं? दोन्ही कान पुढे घेतले आणि तोंड झाकलं. लाज वाटली हो त्याला, विसोबाची!

दरबारात कुणी हसलंसुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

राजानं विचारलं, "पूर आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"झाडावर, महाराज."

"आणि म्हैस?"

"बायको नेत होती. मी वरून वाट दाखवत होतो."

"बरोबर दाखवलीत?"

विसोबानं हत्तीच्या झाकलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही. तिनं ऐकलं नाही, म्हणून दोघी वाचल्या."

हत्तीनं कान मागे घेतले. डोळे उघडले. आणि हळूच कांडं घेतलं.

"खरं बोललात," राजा म्हणाला, "पण अट एकही पुरी नाही. बाईंना बोलवा."

मग भागू आली, पदर खोचून. तिनं अनुभव सांगितलाच नाही. हत्तीच्या सोंडेवर हात ठेवला आणि म्हणाली, "जेव रे बाबा. लोकांचं काय, ते बोलणारच." हत्ती जेवला.

राजानं विचारलं, "बाई, तुमच्या यजमानांना काय येतं?"

भागूनं विसोबाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"गवत कापतील," ती म्हणाली. "कधी कापलं नाही अजून. शिकाऊ म्हणून घ्या."

मग भागू हत्ती सांभाळू लागली, विसोबा गवत कापू लागला. सगळी पोटभर जेवू लागली, सुखानं राहू लागली. विसोबाची मान वर यायला मात्र वर्ष लागलं. लागू दे. चला, पांघरूण ओढा आणि गुपचूप झोपा.