केरबा वस्ताद आणि मधलं कार्ड

“…पण मोठंच घेतलं तर पाच वर्षं बघायला नको, वस्ताद. मागं पडायचं भ्याच न्हाई. ह्यात चुकतंय कुठं माझं?”

केरबा वस्ताद तालमीचा हौद उकरत होते. खोऱ्यानं माती खालीवर, खालीवर. मान काही वर झाली नाही.

“काय मोठं घेतोयस? म्हैस?”

“म्हैस नव्हं. ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरात बसतं. गेममधली चित्रं तेच काढतं.”

“बरं.”

आणि खोरं पुन्हा मातीत.

शार्दूल रेडेकर हौदाच्या काठावर चुळबुळत उभा राहिला. गडहिंग्लजात रेडेकरांच्या घरची रीत जुनी. बैल असो, मोटरसायकल असो, सोयरीक असो, केरबा वस्तादांच्या तोंडून “घ्या” निघाल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नाही. शार्दूलचा बाप आनंदा ह्याच मातीत लोळून मोठा झालेला. पोरानं कार्डाला पैसे मागितले तसा म्हणाला, “वस्ताद घे म्हणाले तर आजच देतो. कुठलं घ्यायचं तेबी त्यांनाच इचार.”

शार्दूलला हसू फुटलं होतं. ज्या म्हाताऱ्याला आलेला फोन कापता येत नाही, तो कार्ड सांगणार!

पण हसून भागत नव्हतं. कोल्हापुरात गेमिंगची मोठी स्पर्धा तोंडावर आलेली. पाच जणांचा संघ. आणि ह्याचं यंत्र ऐन लढाईत अडखळायचं, म्हाताऱ्यानं जिन्यात थांबावं तसं. संघाचा म्होरक्या मुबीन, त्यानं सकाळीच फोनवर ह्याला झाडलं होतं.

“शार्दूल्या, दिवाळीपासनं कार्ड निवडतोयस तू. तेवढ्यात माझ्या बहिणीचं लग्न ठरून पार पडलं. आज सरावाला ये आणि आजच कार्ड ठरव. न्हाईतर तुझ्या जागी उत्तूरचं पोरगं घेतो.”

माणूस शिकला की निवडायला बसतो. आणि निवडायला बसला की बसूनच राहतो.

वस्तादांनी खोरं टाकलं. काठावर टेकले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

“किती हायत?”

“तीन! लहान, मधलं, मोठं.”

जत्रेत पाळणा दिसावा तसा शार्दूलचा चेहरा उजळला. मग तोंडाला खीळच नाही. लहानाची मेमरी आठ जीबी, त्याला सगळं जग शिव्या घालतं. मधल्याची बारा, आज बरं आहे, पण उद्या नवं निघालं तर? मोठ्याची सोळा. आणि मोठं काय काय दाखवतं!

“पाण्यात ढग दिसतात, वस्ताद! खरं सांगतो. डबक्यात बघितलं की वरचे ढग!”

“मग?”

“मग काय… भारी दिसतं.”

“ढग बघत हुबा ऱ्हायलास की पलीकडचा गोळी घालतो का न्हाई?”

“घालतो की.”

“हं… खुराक काय त्याचा?”

“मोठ्याचा? वीज लई खातं. पॉवर सप्लाय नवा लागंल.”

“तुझ्या कॉम्प्युटराच्या डब्यात मावतं?”

“लांब हाय जरा. डबाबी बदलायला लागंल.”

“आन पडदा?”

शार्दूलनं कान खाजवला. “पडदा जुनाच हाय. त्याच्यावर एवढं सगळं उठून दिसणार न्हाई म्हणा. म्हणजे तोबी…”

“सून आणतोयस का घर बदलतोयस रं?”

शार्दूलला ते लागलं. बीसीए झालेलं पोर. शहाणपण कमी, आणि ऐकून घेण्याची तयारी त्याहून कमी.

“मग मधलं घेऊ म्हणता?”

“मी कुठं काय म्हणालो?”

“मग लहान?”

वस्ताद पायाच्या अंगठ्यानं मातीचं ढेकूळ फोडत राहिले.

“वस्ताद, मला एवढंच पायजे,” शार्दूल चिडून म्हणाला. “मला कुणी मागं टाकू नये. कधीच.”

“आसा पैलवान मी एक बघितलाय. जन्मात पाठीला माती लागली न्हाई त्याच्या.”

“कोण?” शार्दूल पुढं सरकला.

“म्हादबा. शेवटपर्यंत काठावर बसून हुता.”

…

“वस्ताद, थट्टा करू नका हो. संध्याकाळपर्यंत ठरलं न्हाई तर माझी जागा जातीय.”

वस्तादांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. डोळे लाल झालेले, गाल बसलेले. पोरगं खरंच टेकीला आलं होतं.

“खेळतोस ते दाव. हितं आण.”

“तालमीत?”

“मग काय देवळात?”

शार्दूल धावत सुटला. डबा पायांत धरून, पडदा चादरीत बांधून पाठीला लावून स्कूटरवर आला. गल्लीतल्या बायांना वाटलं पोरगं घर सोडून निघालं. तेलाच्या डब्यांशेजारी त्यानं स्टूल मांडलं, बल्बशेजारच्या प्लगात वायर खोचली, मोबाईलचं इंटरनेट जोडलं. पडदा उजळला तसा भिंतीवरचे मुद्गल निळे दिसायला लागले.

“ही गढी बघा. पाच आमचे, पाच त्यांचे. आमी गढी राखायची, त्यांनी घ्यायची. सगळी खरी माणसं, आपापल्या घरात बसून खेळत्यात.”

“पलीकडचे कुठले?”

“बेळगावचे. मुबीननं सरावाला बोलावल्यात.”

“बेळगावचे!” वस्ताद एकदम मांडी ठोकून बसले. “चल, लाव!”

स्पीकरमधून मुबीनचा आवाज आला. “आला का राजे? कार्ड ठरलं?”

“ठरतंय.”

“ठरतंय म्हणे! भावा, बुरूज सांभाळ. मेलास तर घरी येऊन मारतो.”

लढाई जुंपली. शार्दूलचा गडी बुरुजावर. खालून बेळगावकर झाडांतून सरकायला लागले. शार्दूलची बोटं झरझर चालत होती, हात खरोखर चांगला होता पोराचा. पण दर थोड्या वेळानं त्याची मान वर जायची. डाव्या कोपऱ्यात. परत खाली. परत वर.

वस्ताद पडद्याकडं बघतच नव्हते. ते शार्दूलच्या मानेकडं बघत होते.

“मान का उडती रं तुझी?”

“आकडा बघतोय. तो कोपऱ्यात हिरवा. शेकंदाला किती चित्रं पडत्यात ते सांगतो. साठच्या खाली गेला की समजायचं कार्ड दमलं. हे बघा, हे बघा, अठ्ठेचाळीस! बघितलं? अडकलं का न्हाई?”

धाड!

शार्दूलचा गडी बुरुजावरून खाली. पडदा काळा.

“शार्दूल्याऽऽ!” मुबीन केकाटला. “समोरनं आला की रं तो! समोरनं! आंधळा हाईस का?”

“कार्ड अडकलं, मुबीन!”

“तुझं कार्ड घाल चुलीत! गेली गढी!”

शार्दूलनं माऊस आपटला. वस्तादांकडं वळला. डोळ्यांत पाणी यायचं बाकी.

“बघितलं न्हवं? आता तरी सांगा. ह्या कार्डावर कसं खेळायचं माणसानं?”

“कुठं अडकलं?”

“आता न्हाई का, तो समोर आला तवा!”

“मला काय दिसलं न्हाई.”

“आसं कसं? सरळ थांबलं की चित्र!”

“आसंल. मी गड्याकडं बघत हुतो.”

…

शार्दूलची मान पुन्हा कोपऱ्यातल्या आकड्याकडं गेली.

वस्ताद उठले. हौदात उतरले. ताक, तेल, हळद पिऊन मऊ झालेली ती माती. तिचा चांगला मूठभर गोळा उचलला, पाण्याचा हात लावला, दाबला. परत आले.

आणि थप्पकन पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर मारला.

“वस्ताद!!”

लाल माती काचेवर चिकटून बसली. एक ओघळ गढीच्या बुरुजापर्यंत आला. शार्दूल पुसायला धावला, तर वस्तादांचा पंजा त्याच्या मनगटावर. सत्तरी उलटली तरी तो पंजा होता वस्तादाचाच.

“खेळ.”

“पडदा बाद हुईल, वस्ताद!”

“खेळ म्हणतो न्हवं!”

दुसरा डाव सुरू झाला. आता आकडा नाही. शार्दूलला आधी उघडं पडल्यासारखं झालं, मान सवयीनं वर गेली, नजर मातीवर आपटली, खाली आली. परत गेली. परत माती. वस्तादांनी मागून मानगूट धरलं.

“कुठंय त्यो?”

“कोण?”

“पलीकडचा! बेळगावचा! कुठंय?”

“झाडामागं… थांबा… हलला! डावीकडनं येतोय!”

“पाय बघ त्याचे! उचलू देऊ नको!”

शार्दूलनं नेम धरला. चित्र अडकलं, ते त्याला जाणवलं, पण बोट आधीच दाबलं गेलेलं. बेळगावकर आडवा!

“हाऽऽण!” वस्तादांनी असा शड्डू ठोकला की खुंटीवरचे लंगोट हलले. “दुसरा कुठंय?”

“पायऱ्यांवर दोघं!”

“दोन दोन? येऊ दे! दम खा… दम खा… आता!”

स्पीकरातून मुबीन, मागून वस्ताद, दोघं एकाच वेळी ओरडत होते. कोण कुणाचं ऐकतंय हे देवाला ठाऊक. रस्त्यावर दूधवाला सायकल टेकवून दारात थांबला. तालमीत कुस्ती दिसत नव्हती आणि आरोळ्या तर मैदानाच्या. वस्ताद हवेतच पट काढत होते, धोतर सुटायला आलं होतं, पडद्यावरच्या माणसाला “लपतोस व्हय रं, बाहीर ये!” म्हणून आव्हान देत होते. पायऱ्यांवरचा एक पडला. दुसऱ्यानं धुराचा गोळा फेकला. पडदा पांढरा झाला आणि यंत्र असं रखडलं, असं रखडलं की चित्राचे तुकडे तुकडे.

“वस्ताद, दिसंना! कार्ड पार बसलं!”

“ऐक की मग!”

शार्दूलनं श्वास धरला. धुरात पावलं वाजली. उजवीकडं. त्यानं वळून घोडा दाबला.

…

धूर विरला. पायरीवर बेळगावकर पडलेला. गढी राखली.

“जिंकलोऽऽ!” मुबीनचा आवाज फाटला. “शार्दूल्या! तीन घेतलेस भावा एकट्यानं! कार्ड आणलंस काय रं न सांगता?”

शार्दूल हसत होता, रडत होता, दोन्ही करत होता. वस्तादांनी त्याला पाठीत असा रट्टा घातला की तो स्टुलावर ओणवा झाला.

“न्हाई आणलं,” तो धापा टाकत म्हणाला. “जुनंच हाय.”

“जुनं? मग धुरात कसं काय… बरं ते ऱ्हाऊ दे. पण स्पर्धेत धूर लई असतोय बघ. तिथं हे चालायचं न्हाई. ठरव बाबा. तुझी जागा तुलाच ठेवतो, पण आज ठरव.”

स्पीकर बंद झाला.

वस्ताद धोतर खोचत होते. छाती अजून वरखाली होत होती, मिशीत हसू मावत नव्हतं. बंडीच्या खिशातून त्यांनी बटणांचा फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला, आनंदाला लावला.

“आनंदा? केरबा बोलतोय. पोरगं कार्डाचं इचारतंय. हां… हां, घेऊ दे. खरंच दमतंय ते यंत्र, धुरात बसलं सपशेल… कुठलं? थांब.”

फोनवर तळहात ठेवून ते शार्दूलकडं वळले.

“कुठलं सांगू?”

“मधलं.”

शब्द तोंडातून गेला आणि मग शार्दूलला कळलं की आपणच बोललो. दिवाळीपासून जे ठरलं नव्हतं. त्यानं मनात पुन्हा चाचपून पाहिलं. मधलं. डब्यात मावतं, धुरात थांबणार नाही, पडदा जुना चालतो. ढग… ढग नाही दिसले तर नाही.

“मधलं म्हणतोय,” वस्ताद फोनात ओरडले. “हां, घ्या.”

त्यांनी फोन शार्दूलच्या हातात दिला. त्यांना कापता येत नव्हता. त्यानं कापला. वायर गुंडाळायला बसला. मातीच्या गोळ्याला हात लावला, तो सुकून घट्ट बसला होता. हौस एवढ्या लवकर मरत नसते.

“वस्ताद.”

“बोल.”

“मोठंच घेतलं असतं, तर? ढग दिसले असते…”

केरबा वस्तादांनी खोरं उचललं. हौदात उतरले.

“तर माती जास्त लागली असती.”