बिळाचं मागचं तोंड

सागाच्या जंगलात, टेकाडाच्या उतारावर, एक साळिंदर राहत असे. बीळ त्याच्या बापाने खणलेलं, चांगलं ऐसपैस. पुढच्या खोलीत तो स्वतः राही आणि आतली खोली भाड्याने देई. पौषात तिथे एक गाभण मुंगशीण राहायला आली. भाडं एवढंच, की बिळात साप फिरकू द्यायचा नाही. आणि अट अशी, की मालकाच्या भिंतीला नख लावायचं नाही. खणणं-उकरणं मालकाचं काम. मुंगशिणीने भाडं चोख दिलं. पंधरा दिवसांत एक नाग आणि एक घोणस तिने उतारावरच आडवी केली.

आता मुलांनो, शहाण्या बिळाला दोन तोंडं असतात. पुढचं ये-जा करायला, मागचं जीव वाचवायला. पावसाळ्यात मागच्या तोंडात माती ढासळते. थंडीत सागाची पानं गळतात, त्यांचा ढीग पुढच्या तोंडाशी लागतो. म्हणून माघ लागला की माती उपसायची आणि पाचोळा लांब ओढून टाकायचा, असा त्या जंगलाचा रिवाज. कारण पुढे मोहाची फुलं वेचायला माणसं येतात, झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि ती आग कुणाचं ऐकत नाही.

मुंगशिणीला तीन पिल्लं झाली. ती साळिंदराकडे गेली. "मालक, मागचं तोंड बुजलंय. माघ लागला."

"बाई, हाडात थंडी शिरलीय. जरा ऊन चढू दे," साळिंदर मुळी कुरतडत म्हणाला.

ऊन चढलं. ती पुन्हा गेली. तो म्हणाला, "आता माती कडक झाली. पुढच्या वर्षी बघू."

"आणि दारातला पाचोळा?"

"त्यानं ऊब राहते. तुझ्याच पोरांसाठी ठेवलाय की."

"मग मीच उकरते."

"उकर, आणि त्याच पावली पोरं घेऊन बाहेर हो. तुझ्याआधी चार बिऱ्हाडं राहून गेली. कुणाची कुरकुर नव्हती, तुझंच काय एवढं?"

मुंगशीण गप्प बसली. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते, बाहेर कोल्हे फिरत होते; जाणार कुठे? रोज ती त्या बुजलेल्या तोंडापाशी जाई, हुंगे आणि परत येई. चुकलीच ती.

फाल्गुनातल्या एका भर दुपारी आत धूर आला. पाठोपाठ साळिंदर धडपडत आला. "दार पेटलं! पाचोळा पेटला!"

मुंगशीण मागच्या तोंडाकडे धावली. तिने सरळ मातीत पंजे घातले. माती दगडासारखी झाली होती. एक नख मोडलं, दुसरं मोडलं. मागे पिल्लं खोकू लागली. तेवढ्यात तिळाएवढा उजेड दिसला. तिने डोकं घुसवलं, खांदे घुसवले, बाहेर पडली. परत आत जाऊन एक पिल्लू काढलं. मग दुसरं काढलं. तिसऱ्यासाठी वळली तर भोकात साळिंदराचं तोंड. भ्यालेला साळिंदर त्या चिंचोळ्या वाटेत घुसून बुचासारखा अडकला होता.

"मागे सर. माझं पिल्लू आत आहे."

"सरता येत नाही. काटे भिंतीत रुततात. ओढ मला, बाई, ओढ."

तिच्या मनात आलं, राहू दे याला इथेच. पण हा निघाल्याशिवाय वाट मोकळी होणार नव्हती. ती त्याच्या भोवतीची माती उकरू लागली. काटे तिच्या नाकात घुसले, गालात घुसले. ती थांबली नाही. शेवटी माती ढासळली आणि साळिंदर खाली गडगडला. अर्धे काटे आतच मोडून राहिले. मुंगशीण त्याच्या अंगावरून उडी मारून धुरात शिरली.

बराच वेळ ती दिसेना. मग आली ती पिल्लू तोंडात धरून. पिल्लाची मान लोंबत होती. तिने त्याला खाली ठेवलं आणि चाटू लागली. पोट चाटलं, नाक चाटलं. साळिंदर बघत राहिला. कितीतरी वेळाने पिल्लाला एक शिंक आली. मग दुसरी.

आग टेकाडावरून पुढे निघून गेली. साळिंदर खाली मान घालून म्हणाला, "उद्याच दोन्ही तोंडं साफ करतो. भाडंही नको. खोली तुझीच आहे, बाई."

मुंगशिणीने नाकातला काटा पंजाने उपटून टाकला. उताराखालच्या नाल्यापलीकडे काळ्या खडकांत कपारी होत्या; तिकडे बघत ती म्हणाली, "तुमचं घर, तुम्ही उद्या करा नाहीतर परवा करा. मला आज तीन फेऱ्या मारायच्या आहेत." तिने पहिलं पिल्लू तोंडात धरलं आणि ती चालू लागली.

तात्पर्य : आळशाच्या सोयीसाठी ऋतू थांबत नाही. दुसऱ्याला आसरा देणाऱ्याने घराची डागडुजी वेळेवर करावी. आणि तो करत नसेल, तर राहणाऱ्याने जीव टांगणीला लावून गप्प बसू नये.