सर्वांत गरीब माणसाची मनीऑर्डर

मनीऑर्डर पाचशे रुपयांची होती. रक्कम बरोबर, राजमुद्रा बरोबर. पत्ता मात्र एवढाच: 'राज्यातील सर्वांत गरीब माणसास.'

पोस्टमास्तर विसूपंतांनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला. मागे काहीच नव्हतं. सोबत महाराजांचा हुकूम होता: 'तीन दिवसांत पैसे योग्य माणसाला देऊन त्याच्या सहीची पोच दरबारात आणावी. त्याहून गरीब कुणी राज्यात निघाला, तर पोस्टाची बचतखिडकी बंद आणि तिथल्या सगळ्या ठेवी अंबूशेट सावकाराच्या तिजोरीत!'

ही अक्कल अर्थातच अंबूशेटची. कुंभेरी संस्थानात लोक पिढ्यान्‌पिढ्या आपली शिल्लक त्याच्या घराण्याकडे ठेवत. शेट व्याज देत नसे. उलट तिजोरी झिजते म्हणून वर्षाला भाडं घेई. मग पोस्टात खिडकी उघडली. एका रुपयात खातं, वर व्याज, आणि ज्याला चालवत नाही त्याच्या दारात डाकवाली हौसा स्वतः येऊन पैसे घेई नि देई. एवढा अन्याय कोणता सावकार सहन करील? त्याने महाराजांचे कान भरले, "सरकार, यांना धड माणसं सापडत नाहीत, हे पैसे काय सांभाळणार? एकदा परीक्षा तर घ्या!" महाराज हट्टी. अवघड परीक्षा घेणं हेच ते राज्यकारभार समजत.

"हौसा, संपलं गं सगळं," विसूपंत कपाळ धरून म्हणाले. "चारशे माणसांची पुंजी त्याच्या घशात जाणार. माझंच चुकलं. खिडकी जरा लहान ठेवायला हवी होती."

"पंत, पाणी प्या," हौसा म्हणाली. "आणि दार उघडा. बाहेर गरीब जमलेत."

जमले होते खरे! पहिले दिवाणसाहेबांचे मेहुणे. गाडी त्यांनी कोपऱ्यापलीकडे उभी केली होती. मागे देवस्थानचे पंच, माळ्याचा सदरा घालून आणि बोटातली अंगठी आत वळवून. दुपारपर्यंत गावात फाटकं धोतर भाड्यानेही मिळेना.

तेवढ्यात मोळी घेऊन ठकूबाई समोरून जाताना दिसली. पंतांना धीर आला. "ठकूबाई, ये गं! सर्वांत गरीब तूच ना? इथं अंगठा दे, पाचशे रुपये घे!"

"मी व्हय गरीब?" ठकूबाईने मोळी खाली आपटली. "शेळी हाय माझ्याकडं! गाभण हाय! गरीब असंल तुमचा दिवाण!" आणि ती तरातरा निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द अंबूशेट आला. ठिगळांचा कोट, चेहऱ्यावर सात दिवसांचा उपास. "पंत, माझ्यासारखा दरिद्री कोण? सगळा पैसा लोकांत अडकलेला. घरात फुटकी कवडी नाही हो!" मनात हिशेब सोपा होता: पाचशे खिशात टाकायचे, मग महाराजांना सांगायचं की पोस्टाने भलत्यालाच पैसे दिले.

विसूपंत त्याला दार दाखवणार, तोच हौसा म्हणाली, "बसा शेटजी. मला पटलं. लिहून द्या, 'माझ्याइतका कंगाल राज्यात दुसरा नाही.'"

शेटने लिहिलं, झोकदार सही ठोकली आणि नोटा मोजत गेला.

"अगं, काय केलंस हे!" पंत दाराकडे धावले. "राज्यातल्या सर्वांत श्रीमंत माणसाला?"

हौसा शांतपणे खळ घेऊन पोच बाहेरच्या फळ्यावर चिकटवत होती. "दरबारात जाण्याआधी पोच एक दिवस फळ्यावर लावायची. कुणाची हरकत असली तर कळावी. तुम्हीच शिकवलेला नियम, पंत."

हरकत कुणीच घेतली नाही. ज्यांच्या ठेवी अजून शेटकडेच होत्या, ते लोक वाचत, पांढरे पडत आणि थेट त्याच्या दाराकडे धावत. तासाभरात तिथे जत्रा भरली.

"माझे ऐंशी रुपये टाक!"

"अरे, ते लिहिलेलं खोटं आहे!"

"म्हणजे महाराजांना फसवलंस?"

"नाही, नाही! खरं आहे!"

"मग आधी माझे पैसे दे!"

दिवेलागणीला तिजोरी रिकामी झाली. शेटने मनीऑर्डरचे पाचशेही त्यातच वाटून टाकले होते.

तिसऱ्या दिवशी दरबारात महाराजांनी पोच वाचली आणि ते कडाडले, "अंबूशेट गरीब? पंत, खिडकी बंद!"

हौसा पुढे झाली. "महाराज, पैसे दिले तेव्हा आम्ही अंमळ घाई केली, हे कबूल. पण काल संध्याकाळी शेटजींची तिजोरी रिकामी झाली, आणि तेव्हापासून पत्ता अगदी बरोबर आहे!"

"मग भिकारी? तो शेटहून गरीब नाही?"

"नाही महाराज. भिकाऱ्याकडे काही नाही. शेटजींकडे काही नाही आणि वर आपले पैसे मागत बावीस माणसं दारात बसलीत!"

महाराजांना हसू फुटणार, तोच ते दचकले. "थांब! आमची खाजगी ठेवही त्याच्याकडेच होती!"

"होती महाराज. फळा सगळ्यांत आधी आपल्या खजिनदारांनीच वाचला. धोतर सावरत तेच पहिले धावले. ठेव सगळी निघाली, आणि काल दुपारीच आमच्या खिडकीत भरली. हे आपलं पासबुक. आता खिडकी बंद करायची, तर हुकुमाप्रमाणे ही ठेव पुन्हा शेटजींच्या रिकाम्या तिजोरीत जाईल. मग ती आपल्या दारात आणून द्यायला आम्ही तरी कसं येणार?"

महाराज इतके हसले की पगडी मांडीवर आली. "खिडकी उघडी! हवं तर भिंतच पाडा! अंबूशेटची येणी पोस्टाने वसूल करावीत, आधी त्या बावीस जणांचे पैसे द्यावेत. आणि हौसा, तुला डाक वाटायला आमच्या पागेतलं तट्टू बक्षीस!"

दरबारात टाळ्या झाल्या. विसूपंतांनी हात जोडले, पण तट्टूचा हरभरा कुठल्या खात्यातून द्यायचा, या काळजीने त्यांना टाळ्या काही ऐकू आल्या नाहीत.