रिकाम्या पाटाचं उत्तर

फार पूर्वी, नदीच्या एका वळणावर एक शहर वसलेलं होतं आणि त्या शहराला एक हुशार कारभारी होता. हुशार म्हणजे किती? तर समोरच्याला 'नाही' हा शब्द न ऐकवता रिकाम्या हाताने परत कसं पाठवायचं, हे त्याला बरोबर जमायचं.

त्या देशाचा सम्राट फार लांब राहायचा. शहरातल्या कुणीच त्याला कधी पाहिलं नव्हतं. पण दर वर्षी त्याच्याकडून बैलगाड्यांची रांग यायची. गाड्यांमध्ये घडीव दगड, चुना आणि सागाचे वासे असायचे, शहरातल्या गरजू माणसांसाठी. सम्राटाची अट सभागृहाच्या दारावरच कोरलेली होती: 'ज्याचं घर आधी पडेल, त्याला आधी द्या. आणि देण्याआधी सगळ्यांना विचारा.'

म्हणून गाड्या आल्या की सभा भरायची. प्रत्येक पेठेचा माणूस आपापल्या पाटावर बसायचा आणि आपल्या पेठेला काय हवं ते सांगायचा. सराफांच्या पेठेला कारंजं हवं असायचं. पैलवानांच्या पेठेला नवा आखाडा हवा असायचा. वाटपाची दगदग फार होते म्हणून थोडा हिस्सा कचेरीकडेही राहायचा, आणि त्यातून कचेरीचं छप्पर दर वर्षी नवं व्हायचं. इतकं पक्कं छप्पर सगळ्या शहरात दुसरं नव्हतं.

पाटांच्या ओळीत शेवटचा पाट मात्र रिकामा असायचा. जो सभेला येऊ शकला नाही, त्याचा तो पाट. कुणा जुन्या, शहाण्या माणसाने ही रीत घालून दिली होती. सगळ्यांचं सांगून झालं की कारभाऱ्याने त्या पाटासमोर उभं राहून तीनदा विचारायचं, "तुम्हाला काय हवं?" उत्तर आलं नाही, तर त्याला काही नको असं धरायचं आणि त्याचा वाटा बोलणाऱ्यांमध्ये वाटून टाकायचा.

आपला कारभारी ही रीत अगदी चोख पाळायचा. फक्त तिन्ही वेळचं विचारणं तो एका दमात उरकायचा. "तुम्हाला काय हवं, तुम्हाला काय हवं, तुम्हाला काय हवं? काही नाही ना? बरं, पुढे." नंतर सम्राटाचा तपासनीस यायचा.

"सगळ्यांना विचारलंत?"

"विचारलं."

"रिकाम्या पाटाला?"

"तीनदा."

तपासनीस मान डोलवायचा, पोटभर जेवायचा आणि परत जायचा.

आता सभेला कोण येऊ शकत नव्हतं, हे काय शहराला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. उताराच्या तळाशी, नदीला लागून खालची आळी होती. तिथे टोपल्या आणि सुपं विणणारी माणसं राहायची. सभा नेमकी बाजाराच्या दिवशी भर दुपारी असायची, आणि बाजार चुकला की त्यांच्या चुली आठवडाभर थंड. दवंडी पिटणाराही उतार सुरू होतो तिथपर्यंतच जायचा, कारण पुढे चिखल होता आणि त्याला आपल्या वहाणा जपायच्या होत्या.

त्या वर्षी गाड्या यायच्या आधी खालच्या आळीतली एक म्हातारी कारभाऱ्याच्या दारात आली. डोक्यावर टोपल्यांची चळत होती आणि लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

"कारभारी, आमचा बांध खचलाय," ती म्हणाली. "आधी पाणी अंगणात यायचं. आता चुलीपातुर येतंय. औंदाचे दगड बांधाला द्या."

"आजी, हे सभेत येऊन सांगा की," कारभारी गोड आवाजात म्हणाला.

"सभा बाजाराच्या दिवशी असती. एक दिस पुढं ढकला."

"असं कसं? वर्षानुवर्षांची रीत आहे ती. आणि तुम्ही आला नाहीत म्हणून बिघडलं कुठे? तुमच्यासाठी पाट मांडलेला असतो. मी स्वतः तीनदा विचारतो."

म्हातारी त्याच्याकडे बघून म्हणाली, "इचारून झाल्यावर वाईच थांबत जा, कारभारी." एवढं बोलून ती टोपल्या सावरत निघून गेली. ती उभी होती तिथली फरशी ओली झाली होती. कारभाऱ्याच्या बायकोने ती दोनदा पुसली, तरी ओल काही हटेना.

कारभाऱ्याला म्हातारीचं बोलणं खोटं वाटलं, असं मुळीच नाही. खचलेला बांध त्याने डोळ्यांनी पाहिला होता. पण त्या वर्षी त्याच्या डोक्यात कमान होती. उताराच्या माथ्यावर, शहराच्या वेशीवर उंच दगडी कमान आणि तिच्यावर त्याचं नाव. सराफांच्या पुढाऱ्याने तसं कबूल केलं होतं. दगड मात्र एकाच कामापुरते होते. बांध झाला तर कमान नाही, आणि कमान झाली तर बांध नाही.

सभेच्या दिवशी बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. पेठांचं मागून झालं. कारभारी रिकाम्या पाटासमोर येऊन उभा राहिला. म्हातारीचे शब्द कानात कुठेतरी अडकले असावेत, कारण त्या दिवशी एका दमात विचारणं त्याला जमलं नाही.

"तुम्हाला काय हवं?"

पाटाचं लाकूड काळपट झालं. कारभाऱ्याने वर पाहिलं. छप्पर कोरडं ठणठणीत होतं.

"तुम्हाला काय हवं?"

पाटावर पाणी आलं. ते वरून पडलं नव्हतं, लाकडाच्या आतून आलं होतं. ते कडेवरून ओघळलं आणि नदीच्या गाळाचा वास सभागृहात पसरला. पण आजूबाजूचे लोक निवांतपणे पानाला चुना लावत होते. वास एकट्या कारभाऱ्यालाच येत होता.

तिसऱ्यांदा तो अगदी हळू बोलला.

"तुम्हाला काय हवं?"

आणि त्याला ऐकू आलं. पेटत्या चुलीत पाणी शिरल्याचा चर्र असा आवाज. मग भांडी एकमेकांवर आपटत वाहून गेल्याचा. मग एक लहान मूल खोकलं, आणि एक बाई घाबऱ्या आवाजात कुणाला तरी म्हणाली, "वर घ्या त्याला. आणखी वर घ्या." त्यानंतर सगळं गप्प झालं. ती गप्प बसलेली माणसं आता आपल्या तोंडाकडे बघताहेत, असं कारभाऱ्याला वाटलं.

उत्तर तर मिळालं होतं. आता ते फक्त मोठ्याने सांगायचं होतं.

"काय झालं, कारभारी?" सराफांचा पुढारी म्हणाला. "आटपा की, पंगती खोळंबल्यात. का पाट काही बोलतोय?"

सभेत हशा पिकला. कारभाऱ्याने त्या हसणाऱ्या माणसांकडे पाहिलं. आपण खरं सांगितलं तर आपलं हसं होईल आणि कमानही जाईल, एवढंच त्याच्या मनात आलं.

"छे," तो म्हणाला. "पाट कसला बोलतोय? पुसा रे तो."

एकाने फडकं आणून पाट पुसला आणि दगड कमानीला गेले. चीड यावी अशीच ही गोष्ट आहे, पण त्या दिवशी कुणालाही चीड आली नाही. पंगतीत जिलेबी होती.

कमान झोकात उभी राहिली. नदी मात्र कमान बघायला थांबली नाही. एके दिवशी बाजार भरला आणि टोपल्या विकायला कुणीच आलं नाही. उन्हं वर आली तरी खालच्या आळीच्या जागा रिकाम्याच. शेवटी कारभारी चार माणसं घेऊन उतारावरून खाली गेला.

खाली आळी नव्हती. पडकी भिंत नव्हती, मोडका वासा नव्हता, एकही माणूस नव्हता. होता नुसता गुळगुळीत, ओला गाळ. आणि जिथे जिथे घर होतं तिथे तिथे त्या गाळावर एकेक पाट नीट मांडून ठेवलेला होता. सगळे पाट रिकामे होते आणि सगळ्यांची तोंडं शहराकडे होती.

माणसं मागे वळून न पाहता वर पळाली. खाली काय दिसलं, याबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

त्या दिवसापासून कारभाऱ्याचे पाय सुकेनात. तो चालला की मागे ओली पावलं उमटायची. आधी बाजारातल्या माणसांना त्याची हाक ऐकू येईनाशी झाली. मग कचेरीत तो बोलायचा आणि लोक मध्येच दुसऱ्याशी बोलू लागायचे. एक दिवस घरी तो जेवायला बसला, तर बायकोने त्याचं ताट वाढलंच नाही. ती दाराकडे बघत बसली.

"अगं, मी इथे आहे," तो म्हणाला.

"अजून कसे आले नाहीत हे?" ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिचं लक्ष त्याच्या जागेकडे गेलं. "इथे पाणी कुणी सांडलं?" असं म्हणत तिने फडकं घेतलं आणि तो बसला होता ती जागा पुसून काढली. कारभारी ढसाढसा रडला. तिने ती जागा पुन्हा पुसली.

कारभारी कुठेतरी परागंदा झाला, असं शहराने ठरवून टाकलं. त्याच्या जागी सराफांच्या पुढाऱ्याचा जावई आला.

पुढच्या वर्षी गाड्या आल्या, सभा भरली. जुना कारभारी धावतपळत आला. त्याच्याजवळ सांगण्यासारखं फार मोठं होतं. कुणाशी बोलता येत नाही म्हणून तो वर्षभर नदीकाठीच फिरत होता, आणि नदी काय करते आहे ते त्याने पाहिलं होतं. अडवायला बांध नसल्यामुळे ती उतार पोखरत वर आली होती. कमानीच्या पायाखालची माती निम्मी वाहून गेली होती. कमानीच्या आत पहिलीच गल्ली त्याच्या घराची होती, आणि घरात त्याची बायको एकटी होती.

सभागृहात बसायला जागा नव्हती. एकच पाट रिकामा होता. तो त्यावर बसला.

पेठांचं मागून झालं. कुणाला बाग हवी होती, कुणाला घाट. मग नवा कारभारी ओळीच्या शेवटी आला आणि पाटासमोर उभा राहिला. जुन्या कारभाऱ्याने छाती भरून श्वास घेतला.

"तुम्हाला काय हवं, तुम्हाला काय हवं, तुम्हाला काय हवं? काही नाही ना?"

"आहे!" तो जीव तोडून ओरडला. "बांध हवा! नदी वर येतेय! माझी बायको आहे तिथे! सगळेच आहात तुम्ही तिथे! अहो, जरा थांबा! थांबा की जरा!"

नवा कारभारी एक पाऊल पुढे गेला होता. तो थबकला. त्याने वळून पाटाकडे पाहिलं. पाटावरून पाणी ओघळत होतं. क्षणभर त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं, जावईबापू?" सराफांच्या पुढाऱ्याने विचारलं.

"काही नाही," नवा कारभारी म्हणाला. "पुसा रे तो पाट."

एक माणूस फडकं घेऊन आला. ते कोरडं फडकं जुन्या कारभाऱ्याच्या डोळ्यांवरून, ओरडणाऱ्या तोंडावरून, गळ्यावरून फिरलं. माणसाने ते दाराबाहेर पिळलं आणि सभा पुढे सुरू झाली.

या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य: विचारून झाल्यावर जो उत्तरासाठी थांबत नाही, त्याने विचारलेलंच नसतं.