टिटवीची घाई

नद्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका नदीच्या वरच्या डोहाचा काठ ढासळला आणि खालच्या डोहात गढूळ पाणी येऊ लागलं. गाळात माशांची अंडी गुदमरू नयेत म्हणून खेकडेमामीनं डोहाच्या तोंडाशी शेवाळाचा जाड पडदा बांधला. तिकडे वरच्या कासवांनी काठ बांधायला घेतला. काम कुठवर आलं ते सांगायला टिटवी रोज वर-खाली उडायची.

एके दिवशी ती लांबूनच ओरडत आली, "झालं! झालं! काठ बांधून झाला! मामी, काढा तो पडदा!"

डोहात एकच जल्लोष झाला! मासे उसळ्या मारू लागले. बेडूक तर पडदा ओढायलाच धावले.

मामीनं नांग्या पसरून त्यांना अडवलं. "अगं बाई, तू उडत आलीस. पाणी अजून वाटेत आहे."

टिटवीला भारी राग आला. एवढी आनंदाची बातमी आणली, तर हे कौतुक! ती फणकाऱ्यानं वळते तोच गाळाचा शेवटचा लोंढा धाडकन पडद्यावर आदळला. पडदा फुगला, थरथरला, पण टिकला.

टिटवी परत फिरली आणि उथळ पाण्यात उभी राहिली. हळूहळू पाणी निवळलं आणि तिला स्वतःच्या पायाची बोटं दिसली.

"मामी, आता?"

"आता ओरड!"

आणि टिटवी अशी ओरडली, की वरच्या कासवांनाही कळलं, काम आत्ता झालं!