मोठा इंजेक्टर मागणारा पिस्टन

मिस्त्री लोकांना इंजिनांची बोली समजायची, त्या काळातली ही गोष्ट. बाबालाल मिस्त्रींनी एका जुन्या गाडीला टर्बो बसवला. आता इंजिनात हवा जास्त येणार, तर पेट्रोलही जास्त लागणार. म्हणून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बदलायचं ठरलं.

इंजिनातला पिस्टन मात्र भीतीनं थरथरत होता. समोरच्या फळीवर त्याच्यासारखाच एक पिस्टन पडला होता, डोक्याला आरपार भोक पडलेला. हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, त्यानं आग भडकली आणि तो वितळला, असं सगळे सांगत.

"मिस्त्री, मला सगळ्यात मोठा इंजेक्टर द्या," पिस्टन म्हणाला.

"अरे, तो शर्यतीच्या गाडीचा आहे. तुला मधला पुरून उरेल."

"आणि नाही पुरला तर?" पिस्टन रडायलाच लागला. रडणाऱ्यापुढं मिस्त्रींचं कधी चालत नसे. त्यांनी मोठा बसवला.

गाडी सुरू झाली. इंजेक्टरनं एवढं पेट्रोल ओतलं, की ते सगळं जळेचना. उरलेलं, पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळू लागलं. त्या भिंतीवर तेलाचा पातळ थर होता.

"पिस्टनदादा, हा इंजेक्टर मला धुऊन काढतोय! आवर त्याला!" थर ओरडला.

"वाहू दे रे. उपाशी तर नाही ना मरत आपण?"

थर वाहून गेला. कोरड्या भिंतीवर पिस्टन करकरत घासू लागला.

महिन्याभरात फळीवर दुसरा पिस्टन आला, अंगभर चरे पडलेला. भोकवाल्यानं हळूच विचारलं, "तूही भुकेनंच का रे?"

"नाही," तो म्हणाला. "भुकेच्या धास्तीनं."