सहाणेची पूजा

माणसांनी चंद्रावर वस्ती केली त्याला चार पिढ्या लोटल्या होत्या, त्या काळची ही गोष्ट. तिथल्या नृसिंहाच्या देवळात गंध उगाळायची एक दगडी सहाण होती. चंदनाचे खोड फिरून फिरून तिच्या मधोमध खळगा पडला होता, आणि तो खळगाच ती आपला दागिना मानी.

पुढे गंध करणारे यंत्र आले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आजी, तुमचे बोटभर गंध होईपर्यंत माझ्या शंभर वाट्या भरतात."

"देवाला घाई आहे, असे तुला कोणी सांगितले?"

"देवाला नसेल. पुजाऱ्यांना आहे."

सहाणेने रंगनाथ पुजाऱ्याला विनवले, "निदान एकादशीला तरी मला ओली करा."

रंगनाथाने हात जोडले. "आता श्रम पुरेत, आई. इतकी वर्षे तुम्ही सेवा केलीत; आता आम्ही तुमची करू."

त्याने तिला चांदीच्या पाटावर बसवले, हार घातला आणि रोज तिच्या खळग्यात यंत्राचे गंध लावू लागला. लोक पाया पडू लागले. काम मात्र कोणी सांगेना.

एके सकाळी द्वारकाबाई नावाची वृद्धा तिच्यापुढे डोके टेकून हळूच म्हणाली, "आई, सुनेने माझ्या हातचे भाजी निवडायचे कामसुद्धा यंत्राकडे दिले. दुसरे काही नको, मला कामात राहू दे."

बाई, मीही हेच मागितले, म्हणून तर मला इथे बसवले आहे, असे सहाण सांगणार, तोच रंगनाथाने तिच्यावर फुलांची ओंजळ वाहिली आणि ती पुरती झाकून गेली.